रस्त्यांचीं नांवें आणि रहिवाशांचें मत

रस्त्याचें नांव म्हणजे केवळ भिंतीवरील पाटी नव्हे. पत्राच्या पाकिटावर, मुलांच्या शाळेंतील कागदांवर, सोयरिकीच्या बोलण्यांत तें माणसाच्या नांवामागोमाग जातें. तेव्हां तें बदलावयाचें तर ज्यांना तें नित्य लिहावें लागतें त्यांचें मत घेणें अवश्य आहे, हें कोणीहि सूज्ञ मनुष्य कबूल करील.

नांवें बदलतात यांत नवल नाहीं. पुण्याची वेताळ पेठ पुढें गुरुवार पेठ झाली व तें नांव रुळलेंहि. उलट मुंबईच्या वॉर्डन रोडला भुलाभाई देसाई यांचें आणि पेडर रोडला डॉ. गोपाळराव देशमुख यांचें नांव देऊन कित्येक वर्षें लोटलीं, तरी लोकांच्या तोंडीं जुनींच नांवें आहेत. पाटी ठरावानें लागते. नांव मात्र लोकांनीं उच्चारलें तरच जगतें.

मग तोंडीं बसलेलें प्रत्येक नांव तसेंच राखावें काय? महाराष्ट्रांत महारवाडा, मांगवाडा, ब्राह्मणवाडा अशीं जातिवाचक नांवें पिढ्यानुपिढ्या चालत आलीं. वस्त्यांचीं व रस्त्यांचीं असलीं नांवें बदलून समतानगर, भीमनगर, शाहूनगर, क्रांतीनगर यांसारखीं नांवें देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानें डिसेंबर २०२० मध्यें घेतला. आपल्यापैकीं कित्येकांना ‘ब्राह्मण आळी’ ही वाडवडिलांची आठवण वाटते. ती पुसली जाणार म्हणून हळहळहि वाटेल. ती खोटी नव्हे. परंतु पलीकडच्या वस्तींतील तरुणाला नोकरीच्या अर्जावर पत्ता लिहितांना काय वाटत असेल, याचाहि विचार करावा. पाटी दोन्हीकडे जातीचीच. पण तिचें ओझें सारखें नाहीं. यास्तव ज्यांनीं तें ओझें वाहिलें त्यांचा शब्द प्रथम ऐकावा, आणि नवें नांव सर्व रहिवाशांनीं मिळून निवडावें.

हें करावें कसें? आळींत आगाऊ सूचना लावावी. केवळ घरमालकांच्या सह्या पुरेशा न मानतां भाडेकऱ्यांनाहि बोलवावें. शिधापत्रिका, वीजबिल इत्यादींवरील पत्ता बदलण्यास पुरेशी मुदत द्यावी.

आणि सभा भरेल तेव्हां घरांतील एकट्या कर्त्या पुरुषानें जाऊन हात वर करून येऊं नये. आजीनें जुन्या नांवाची हकीकत सांगावी, सुना-लेकींनीं आपलें मत द्यावें. पत्ता त्यांचाहि आहे.