हरवलेल्या साच्याची पुनर्रचना

जालना एमआयडीसीतील पोलाद कारखान्यांत लोखंडी भंगार वितळवून सळया तयार होतात. अशा भट्टीत जुना साचा पडला, की धातू उरतो, आकार मात्र कायमचा नाहीसा होतो. विमानांच्या वा जहाजांच्या प्लॅस्टिक प्रतिकृतींचे सुटे भाग ज्या साच्यांतून निघतात, त्यांचीही गत हीच. ऑरोरा या अमेरिकन कंपनीचा प्रतिकृती-संचांचा व्यवसाय १९७७ च्या सुमारास संपला. तिचे काही साचे नष्ट झाले. १९९० च्या दशकात पोलर लाइट्स या ब्रँडने तिचे काही संच पुन्हा काढले, ते जुन्या संचांतील भागांवरून नवे साचे घडवून.

हे काम केवळ नकलेचे नव्हे. पॉलिस्टायरीन थंड होताना सुमारे ०.५ टक्का आकसते. म्हणजे साच्यातील २०० मिलिमीटरचा पंख १ मिलिमीटर आखूड निघतो. त्या पंखाबरहुकूम साचा केल्यास पुढचा पंख आणखी १ मिलिमीटर घटेल व जुन्या भागांशी जुळणार नाही. यास्तव घेतलेल्या मापात आकुंचनाची भर घालावी लागते. रंगवून चिकटविलेल्या प्रतिकृतीवरून असे अचूक माप मिळणे दुर्घट. सारांश, साचा गेल्यावर न जोडलेला संच हाच अस्सल दस्तऐवज ठरतो. साचा भंगारात देण्यापूर्वी असा एक संच व मूळ आराखडा जपून ठेवणे हीच खरी दक्षता होय.