डार्करूममधलं करिअर मार्गदर्शन

२०१० च्या पावसाळ्यात मी पुण्यात पीएचडीला रुजू झाले, तेव्हा ज्युनियर रिसर्च फेलोशिप (जेआरएफ) नुकतीच महिना १६,००० रुपये झाली होती. सिनियर म्हणायचे, "तुमची मजा आहे." पैसे मात्र एक तारखेला कधीच येत नसत. वर्षाचं युटिलायझेशन सर्टिफिकेट दिल्लीला जायचं, ते मंजूर झालं की पुढचा हप्ता सुटायचा. कधी पाच-पाच महिने खातं कोरडं, मग एकदम सगळी थकबाकी. खानावळीच्या मावशींच्या वहीत माझं वेगळं पानच होतं. "तुमचं सरकार जागं झालं का ताई?" असं त्या दर सोमवारी विचारत.

पुढे काय करायचं, हा प्रश्न तेव्हा कोणी मोठ्याने विचारत नसे. दोन वर्षं जेआरएफ, तीन वर्षं सिनियर रिसर्च फेलोशिप (एसआरएफ), मग अमेरिकेत पोस्टडॉक आणि जमलं तर परत, असा एकच रस्ता होता. कंपनीतल्या मुलाखतीसाठी मी एक दिवसाची रजा मागितली, तेव्हा गाईड शांतपणे म्हणाले, "मग पीएचडी कशाला करतेस?" त्यात राग नव्हता, खरोखरचं कुतूहल होतं.

खरं मार्गदर्शन मिळालं ते डार्करूममध्ये. वेस्टर्न ब्लॉटची मेम्ब्रेन एक्स-रे फिल्मखाली ठेवायची आणि लाल दिव्यात पाच-दहा मिनिटं थांबायचं. करण्यासारखं काहीच नसे, म्हणून लोक बोलत. पेटंट एजंटची परीक्षा असते, मेडिकल रायटिंग नावाची नोकरी असते, हे मला तिथेच कळलं. इंडिया अलायन्सची पाच वर्षांची अर्ली करिअर फेलोशिपही तिथेच पहिल्यांदा ऐकली. ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट आणि केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग (डीबीटी) यांनी मिळून २००८ साली सुरू केलेली ही योजना. पीएचडी संपत आलेल्या विद्यार्थ्यालाही तिथे स्वतःच्या प्रश्नावर अर्ज करता येई. म्हणजे परदेशी न जाताही पाय रोवता येतो, ही आम्हाला बातमीच होती. २०१२ मध्ये जैवतंत्रज्ञान उद्योगांना मदत करणारं सरकारी बायरॅक आलं आणि ५० लाखांपर्यंतच्या अनुदानावर स्वतःचं काही काढायची भाषा राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या (एनसीएल) आवारातल्या व्हेंचर सेंटरभोवती ऐकू येऊ लागली.

ऑक्टोबर २०१४ पासून जेआरएफ २५,००० झाली. २०१८ साली पंतप्रधान संशोधन फेलोशिप (पीएमआरएफ) आली आणि गणित बिघडलं. पहिली दोन वर्षं महिना ७०,०००, शेवटी ८०,०००, वर खर्चाला वर्षाकाठी दोन लाख. एकाच इनक्युबेटरमध्ये शेजारी-शेजारी फ्लास्क ठेवणाऱ्या दोघांच्या उत्पन्नात जवळजवळ तिपटीचा फरक. दोघांच्या पेशी मरायच्या त्याच बुरशीने. देशभर आंदोलनं झाली तेव्हा कुठे जानेवारी २०१९ पासून ३१,००० मिळू लागले, आणि पुढची वाढ, ३७,००० ची, थेट २०२३ मध्ये. माझ्या मते आकड्यापेक्षा तो कधी हाती पडतो हे जास्त महत्त्वाचं आहे. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपमुळे घरातली पहिलीच पदवीधर असलेली मुलं संशोधनापर्यंत पोचली. पण बार्टीच्या संशोधकांना हक्काच्या पैशासाठी आंदोलन करायला मुंबईचं आझाद मैदान गाठावं लागलं. घरून पैसे मागवता येतात त्यालाच पाच महिने वाट पाहणं परवडतं.

मार्च २०२० मध्ये कोरोना आला आणि अचानक आमच्या हातांना भाव आला. आरटी-पीसीआर येणारी माणसं हवी होती, आणि ती पीएचडीच्या विद्यार्थ्यांत ढिगाने होती. पुण्यातल्या एनसीसीएस, आयसरसारख्या संशोधन संस्थांत चाचण्या सुरू झाल्या. मायलॅब कंपनीच्या कोरोना चाचणीच्या किटमागे मिनल दाखवे-भोसले आहेत हे वाचल्यावर माझ्या आईने फोन केला, "तू पण असंच काही शिकलीस ना?" दहा वर्षांत तिने माझ्या विषयाबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न.

तोवर मी मेडिकल रायटर झाले होते. आमच्या बॅचमधली एक जर्मनीत पोस्टडॉक करतेय, एकजण लस बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीत आहे, एक पेटंटचे मसुदे लिहिते. नेट परीक्षेत सगळ्यांत वरचा क्रमांक होता तो मित्र जिल्ह्याच्या गावी कॉलेजात तासिका तत्त्वावर (सीएचबी) शिकवतो. पैसे तासाप्रमाणे, दिवाळीच्या सुट्टीत शून्य. मागच्या वर्षी त्याच्याकडे गेले तेव्हा त्याने प्रॅक्टिकलचं कपाट उघडून दाखवलं. तीन मायक्रोपिपेट, एकाची टीप निघत नव्हती. "दर सप्टेंबरला कॅलिब्रेशन मागतो," तो म्हणाला, आणि अर्जांची फाईल पुढे केली. पोचशिक्का प्रत्येकावर होता.