हाताला पटलेला भरवसा

सांगलीची विश्रामबाग ही निकालाची वाट पाहणाऱ्या मुलामुलींची वस्ती आहे. १९१९ साली सुरू झालेले विलिंग्डन महाविद्यालय इथलेच, १९४७ सालचे आणि आज वालचंदांच्या नावाने ओळखले जाणारे अभियांत्रिकी महाविद्यालयही इथलेच. जत-आटपाडीकडून शिकायला येणाऱ्या मुलाची पारख इथे दुसऱ्या कुणीतरी तपासलेल्या पेपरावर होते आणि तिचा निकाल सहा महिन्यांनी एकदा लागतो. त्याने ‘जिम लावली’ असे घरी सांगितले की ते अंग कमावण्याचे खूळ आहे, असाच बहुतेकांचा समज होतो. माझे म्हणणे असे, की अंग कमावणे हा तिथला दुय्यम लाभ आहे. आपण ठरवले ते आपल्याच हातून होते, याचा रोजच्या रोज मिळणारा पुरावा ही जिममधली खरी कमाई, आणि आत्मविश्वास वाढतो तो याच पुराव्यावर.

मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली ‘एखादे काम मला जमेल’ या विश्वासाचा सिद्धांत मांडला. हा विश्वास कशातून येतो, याची चार उगमस्थाने त्यांनी सांगितली: स्वतः करून पाहिलेले काम, आपल्यासारख्या दुसऱ्याला ते करताना पाहणे, विश्वासातल्या माणसाने दिलेला धीर आणि आपल्या शरीराची त्या वेळची अवस्था. यांत सर्वांत बळकट पहिले. नुसत्या शाबासकीने आलेला धीर पहिल्या अपयशात ओसरतो. करून पाहिलेले सहजासहजी पुसले जात नाही. जिममध्ये ही चारही एका छताखाली भेटतात. शेजारी आपल्याच वयाची मुलगी वीस किलो उचलत असते, ट्रेनर पाठीमागे उभा राहून ‘अजून एक’ म्हणतो, धडधडणारी छाती म्हणजे भीतीच नव्हे हे अंगवळणी पडते. आणि मुख्य म्हणजे गेल्या महिन्यात न हललेला बार आज वर जातो. यात शरीरशास्त्राचीही मदत आहे. पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते ती प्रामुख्याने स्नायू फुगल्यामुळे नव्हे. मेंदू आणि मज्जातंतू आहेत त्याच स्नायूंना अधिक नीट कामाला लावायला शिकतात. म्हणून आरशात काहीच बदललेले नसताना बारवरची प्लेट मात्र वाढलेली असते. नवख्या माणसाला हा निकाल फार लवकर मिळतो, आणि त्यात ना वशिला चालतो ना तोंडदेखले कौतुक. दहा किलो म्हणजे दहाच किलो.

सांगलीने हे संकेत सरगर यांच्या रूपाने पाहिले आहे. पानपट्टी आणि चहाच्या गाड्यावर चालणाऱ्या घरातला हा मुलगा इथल्याच दिग्विजय व्यायामशाळेत वजन उचलायला शिकला. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो वजनी गटात त्याने स्नॅचमध्ये ११३ आणि क्लीन अँड जर्कमध्ये १३५ असे एकूण २४८ किलो उचलले. १३९ किलोच्या प्रयत्नात कोपर दुखावले. तरीही तो तिसऱ्या प्रयत्नासाठी पुन्हा बारसमोर उभा राहिला. वजन वर गेले नाही आणि एका किलोने सुवर्ण हुकले. त्या स्पर्धेतले भारताचे पहिले पदक मात्र त्याच्या नावावर लागले. दुखावलेल्या हाताने वजन उचलावे असे सामान्य माणसाला कुणी सांगू नये. पण या खेळात पेलले नाही ते वजन खाली ठेवणे हा सरावाचाच भाग असतो, हे लक्षात घेण्यासारखे आहे. न जमणे म्हणजे आपण नालायक असणे नव्हे. आज एवढेच जमले, इतकाच त्याचा अर्थ. परीक्षेच्या निकालाकडे असे पाहायला आपण मुलांना क्वचितच शिकवतो.

यावर पहिला आक्षेप आरशाचा. जिममुळे मुले आत्मविश्वासू होत नाहीत, उलट स्वतःच्या दंडांवर कायमची नाराज होतात, असे म्हटले जाते, आणि ते निराधार नाही. हॅरिसन पोप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली अशा विकाराचे वर्णन केले, ज्यात पिळदार माणसालाही आपण किडकिडीतच आहोत असे वाटत राहते. त्यातून कुणी स्टेरॉइडच्या इंजेक्शनांच्या वाटेला लागला, तर हृदयापासून प्रजननक्षमतेपर्यंत सगळेच पणाला लागते. मात्र हा धोका निर्माण होतो मापाची पट्टी चुकल्यामुळे. शेजाऱ्याच्या देहाशी तुलना करणाऱ्याला शेवटच नाही. आपल्याच मागच्या महिन्याशी तुलना करणाऱ्याला समाधानाची जागा सापडते. ‘तीन महिन्यांत बॉडी’ विकणाऱ्या जिममालकांनी आणि ट्रेनरांनी याची जबाबदारी घ्यायलाच हवी.

दुसरा आक्षेप आपल्या मातीतला आहे. शिराळा आणि बहे इथे समर्थांचे मारुती, कवठेपिरानचे हिंदकेसरी मारुती माने, कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव आणि त्यांचे १९५२ चे हेलसिंकीतले कांस्यपदक; एवढा वारसा असताना या वातानुकूलित खोल्यांची गरज काय? जोर-बैठकांनी जिमइतकाच पुरावा मिळतो, यात शंका नाही. वस्तादाने मोजून घेतलेल्या शंभर बैठका म्हणजे बांडुरांचा सिद्धांतच. पण तालमीचा उंबरठा मुलींसाठी पिढ्यान् पिढ्या बंद राहिला. २०२४ मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये आलेल्या अभ्यासानुसार भारतातल्या सुमारे ५७ टक्के प्रौढ स्त्रियांची शारीरिक हालचाल अपुरी आहे. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के. ज्या स्त्रीला आयुष्यभर ‘तुला झेपणार नाही’ हेच ऐकवले गेले, तिने स्वतःच्या वजनाएवढा बार जमिनीवरून उचलणे ही माझ्या लेखी फार मोठी घटना आहे. संकेतची धाकटी बहीण काजोलने २०२२ च्या जूनमध्ये पंचकुलाच्या खेलो इंडिया स्पर्धेत ४० किलो गटात सुवर्ण घेतले, तेही याच खेळात.

सर्वांत अवघड प्रश्न वेगळाच आहे. बार उचलता आला म्हणून मुलाखतीत तोंड उघडते का? याला सरसकट ‘हो’ म्हणता येणार नाही. बांडुरांचा विश्वास ज्या त्या कामापुरता असतो. वजन उचलणाऱ्याला इंग्रजी संभाषण आपोआप येत नाही. शिवाय २०१८ साली जामा सायकियाट्री या नियतकालिकात ३३ प्रयोगांचा एकत्रित आढावा आला. जवळपास १,९०० माणसांच्या त्या माहितीत वजनाच्या व्यायामाने नैराश्याची लक्षणे कमी झालेली दिसली, पण कुणाची ताकद किती वाढली याच्याशी त्या सुधारणेचा ठळक संबंध सापडला नाही. वरवर पाहता हे माझ्या मांडणीच्या विरोधात जाते. मला त्यातून उलट दिलासा मिळतो: मन सावरायला मोठे आकडे लागतात असे नाही, हाती घेतलेले काम धरून ठेवणे पुरत असावे. आणि मुलाखतीच्या खोलीत जिमचा उपयोग झालाच तर एवढाच, की अवघड गोष्टीचे तुकडे करून रोज थोडे वाढवत नेण्याची रीत माणसाला ठाऊक झालेली असते. ती इंग्रजीलाही लावता येते, पण लावावी त्यानेच लागते.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सांगते. एवढ्यासाठी महागडी फी भरलीच पाहिजे असे नाही. खोलीतल्या फरशीवर जोर मारता येतात, पाण्याने भरलेला कॅन उचलता येतो. लागते ती एक वही: तारीख, व्यायाम, वजन, किती वेळा, आणि जे जमले नाही तेही, त्याच शाईने.