फुप्फुसात गुठळी : निर्णय एकट्याचा नको, टीमचा हवा

पायातील रक्ताची गुठळी सुटून फुप्फुसात अडकली, की अचानक धाप लागते, छातीत दुखते. कधी रुग्ण कोसळतो. हेच पल्मनरी एम्बोलिझम.

टीम काय करते?
हृदय, फुप्फुस, अतिदक्षता, रेडिओलॉजी व शस्त्रक्रिया तज्ज्ञ एकत्र सीटी, इको पाहून ठरवतात : रक्त पातळ करणारे औषध पुरेल, गुठळी विरघळवणारे इंजेक्शन द्यायचे, की कॅथेटरने गुठळी काढायची. इंजेक्शनने रक्तस्रावाचा धोका असतो. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलने २०१२ मध्ये अशी टीम उभारली.

यवतमाळसाठी महत्त्व काय?
नागपूर सुमारे १५० किमी. उमरखेडहून आणखी दूर. रुग्ण हलवण्याआधीच तज्ज्ञांशी फोनवर बोलून उपचार ठरले, तर मोलाचा वेळ वाचतो.

हे करा
एका पायाला सूज आणि अचानक धाप? लगेच १०८ ला फोन करा.