सांध्यांचा रोग आणि फुप्फुसाचे चित्र

'संधिवात' हा शब्द मराठीत अतिशय व्यापक अर्थाने वापरला जातो. उतारवयात होणारी गुडघ्यांची झीज आणि शरीराच्या प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच सांध्यांवर केलेला हल्ला, या दोन भिन्न व्याधी त्यात एकत्र नांदतात. दुसरीस ऱ्हुमॅटॉइड संधिवात म्हणतात. 'माधवनिदाना'तील 'आमवात' ही संज्ञा तिच्या बरीच जवळ जाते. हा भेद केवळ शब्दांचा नव्हे. पहिली व्याधी सांध्यांपुरती राहते. दुसरी फुप्फुसांपर्यंत पोचू शकते. एलमन आणि बॉल यांनी १९४८ साली हा संबंध वैद्यकापुढे मांडला.

पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा यांच्या मार्गदर्शनाखाली झालेल्या पाहणीत या रोगाचे प्रमाण प्रौढांत सुमारे अर्धा टक्का आढळले. अशा रुग्णांपैकी साधारणतः दहांत एकास फुप्फुसाचा गंभीर विकार जडतो. वायुकोशांमधील नाजूक ऊतक सुजते, पुढे घट्ट होते आणि प्राणवायू रक्तात शिरण्यास अडथळा येतो.

हा विकार ओळखण्यात पहिली अडचण बोलण्यातच आहे. कोरेगावसारख्या तालुक्याच्या गावी रुग्ण 'दम लागतो', 'धाप लागते' असे म्हणतो खरा. परंतु ज्याचे गुडघे व घोटे दुखतात तो मुळात चालतोच कमी. त्यामुळे धाप लागण्याचा प्रसंगच येत नाही आणि तक्रार उच्चारली जात नाही. दुसरी अडचण 'डाग' या शब्दाची. छातीच्या फोटोत डाग म्हणजे क्षय, असे समीकरण लोकमानसात रूढ आहे. क्षयाची शक्यता तपासावीच लागते, कारण आमवातावरील काही औषधांनी सुप्त क्षय जागा होतो. पण प्रत्येक डाग क्षयाचा नसतो.

तिसरी अडचण यंत्राची. साधे क्ष-किरण चित्र ही संपूर्ण छातीची एकच सपाट सावली होय. तीत एकावर एक आलेल्या थरांमुळे प्रारंभीची सूक्ष्म जाळी लपते. म्हणून चित्र निर्दोष दिसले तरी फुप्फुस निर्दोष आहे, असा निष्कर्ष निघत नाही. उच्च विभेदनाच्या सी. टी. चित्रणात सुमारे एक ते दीड मिलिमीटर जाडीचे छेद दिसतात. कोठे घासलेल्या काचेसारखा धूसरपणा, कोठे तळाशी व कडांना बारीक जाळी, तर कोठे मधाच्या पोळ्यासारखी छिद्रे आढळतात. यांपैकी पोळ्याची रचना कायमच्या व्रणाची खूण असते; धूसरपणा मात्र काही वेळा उपचाराने निवळतो.

तथापि, किरणोत्सर्ग व खर्च ध्यानात घेता प्रत्येक रुग्णाचे सी. टी. चित्रण योग्य ठरत नाही. २०२३ सालच्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी अधिक धोका असलेल्यांसाठी सी. टी. व श्वसनक्षमतेची चाचणी सुचविली असून, केवळ साध्या क्ष-किरण चित्रावर विसंबू नये असे म्हटले आहे. धूम्रपान, पुरुषत्व, उतारवयात सुरू झालेला रोग, त्याची तीव्रता आणि रक्तातील विशिष्ट प्रतिपिंडांचे मोठे प्रमाण, ही त्या धोक्याची लक्षणे होत.

सारांश, रोगाचे नाव नेमके ठरले तरच छातीकडे लक्ष जाते. सर्व सांधेदुखीस 'वात' म्हणून एका गाठोड्यात बांधले, तर फुप्फुसाचा प्रश्न विचारलाच जात नाही. आणि न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर कोणतेही यंत्र देऊ शकत नाही.