मोठ्या कुत्र्याचा आहार : भाकरी-दूध पुरेसे नाही
हिंगोली - लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड यांसारख्या मोठ्या जातीच्या ३० किलो वजनाच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण १,४०० कॅलरी लागतात. खर्च वाचविण्यासाठी अनेक घरांत त्याला केवळ ज्वारीची भाकरी आणि दूध दिले जाते. त्याने पोट भरते, पोषण होत नाही. ज्वारीत प्रथिने सुमारे १० टक्केच असतात. अमेरिकी पशुखाद्य मानकानुसार कोरड्या वजनावर प्रौढ कुत्र्याच्या आहारात किमान १८, तर पिलाच्या आहारात २२.५ टक्के प्रथिने हवीत. शिवाय अनेक प्रौढ कुत्र्यांना दूध पचत नाही व जुलाब होतात.

यावर स्वस्त उपाय जवळच आहे. जिल्ह्याचे प्रमुख पीक असलेल्या सोयाबीनच्या सुक्या वड्यांत सुमारे ५० टक्के प्रथिने असतात. भाकरी किंवा भातासोबत शिजवलेल्या सोयावड्या, उकडलेली अंडी किंवा चिकन द्यावे. मात्र अशा घरगुती आहारात कॅल्शियम कमी पडते. त्याचे प्रमाण पशुवैद्यकाकडून ठरवून घ्यावे.

पिलांबाबत धोका उलटा असतो. तयार खाद्यावर कॅल्शियमच्या जादा गोळ्या दिल्यास वाढत्या हाडांत व सांध्यांत दोष निर्माण होतात. त्यांच्यासाठी मोठ्या जातीच्या पिलांचे खाद्य निवडावे.

पोत्याची किंमत किलोवर नव्हे, तर रोज लागणाऱ्या खाद्यावर मोजावी. कांदा, लसूण, मनुका, चॉकलेट आणि शिजवलेली हाडे टाळावीत. जेवण दोन वेळा विभागून द्यावे व जेवल्यावर लगेच पळवू नये. मोठ्या कुत्र्यांत पोट फुगून पिळा पडणे जिवावर बेतते.