पेल्याचा तळ कसा दिसतो?

स्टीलचा एक पेला टेबलावर ठेवा आणि बघून त्याचं चित्र काढा. काढलंत? बहुतेक मुलं वरचं तोंड छान लंबगोल काढतात आणि खाली मात्र पट्टीने आखावी तशी सरळ रेघ ओढतात. पेला टेबलावर सपाट बसतो, हे आपल्याला माहीत असतं ना! पण आता तळाकडे नीट निरखून बघा. तळाची कडाही वळलेलीच दिसते, आणि तीसुद्धा तोंडाच्या कडेपेक्षा जास्त!

असं का? पेला उचला आणि त्याचं तोंड अगदी डोळ्यांच्या पातळीत धरा. तोंड गायब! उरली नुसती आडवी रेघ. आता पेला सावकाश खाली न्या. रेघ फुगत जाते, तिचा लंबगोल होतो आणि थेट वरून पाहिलं की पूर्ण गोल. टेबलावरच्या पेल्याचा तळ तोंडापेक्षा खाली असतो, म्हणून त्याचा गोल जास्त उघडतो.

मग हे एरवी आपल्या लक्षात का येत नाही? कारण मेंदू आपल्याला सावरून घेतो. मैत्रीण दुप्पट लांब गेली, की डोळ्यातल्या पडद्यावर तिची प्रतिमा निम्म्या उंचीची होते. तरी ती आखडली असं आपल्याला वाटत नाही! मेंदू अंतराचा हिशेब करून मोकळा होतो. रस्ता ओलांडताना ही युक्ती फार कामाची, पण चित्र काढताना तीच आडवी येते.

पटत नाही? आंघोळीनंतर वाफ धरलेल्या आरशासमोर उभे राहा. एक डोळा मिटा, मान हलवू नका आणि आरशात दिसणाऱ्या चेहऱ्याची कडा बोटाने गिरवा. मग ती मोजा. खऱ्या चेहऱ्याच्या बरोबर निम्मी! मागे सरकून गिरवलीत तरी निम्मीच. कारण आरशातले ‘तुम्ही’ आरशाच्या मागे तेवढेच लांब असता आणि काच नेहमी बरोबर मधोमध येते. रोज आरसा बघूनही हे कधी जाणवलं होतं का?

मोठमोठ्या चित्रकारांनीही मेंदूला बाजूला ठेवायच्या युक्त्या शोधल्या. जर्मनीतल्या आल्ब्रेख्त ड्यूररने 1525 मध्ये भूमितीवर एक पुस्तक छापलं. त्यातल्या एका चित्रात चित्रकार एका जागी डोळा स्थिर ठेवून काचेतून समोरच्या माणसाकडे बघतोय आणि जसा दिसतो तसा त्याला काचेवरच रेखाटतोय.

तुमच्यासाठी पेन्सिल पुरेशी आहे. हात ताठ करा, एक डोळा मिटा आणि उभ्या पेन्सिलीवर अंगठा सरकवत वस्तूची उंची मोजा. तेवढीच लांबी आडवी धरून रुंदीशी ताडून बघा. खुर्ची अवघड वाटली, तर आधी तिच्या पायांमधल्या रिकाम्या जागांचे आकार काढा. त्या जागा कशा दिसायला हव्यात, याबद्दल मेंदूचं काहीच ठरलेलं नसतं, त्यामुळे तो लुडबुड करत नाही!

आणि आज घरातल्या मोठ्यांना समोरून दिसणारा एक चेहरा काढायला सांगा. बहुतेक जण डोळे कपाळाजवळ काढतील. मग त्यांच्याच चेहऱ्यावर पेन्सिल धरून मोजा: डोक्याच्या माथ्यापासून डोळ्यांपर्यंत किती, आणि डोळ्यांपासून हनुवटीपर्यंत किती? दोन्ही अंतरं जवळजवळ सारखी निघतील!